लिलाव संपतो कधी?

ऑनलाइन लिलावाचं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं कॉन्फरन्सला जमली की मंचावर सगळं रीतसर चालतं: पेमेंट, मोबाइल, फसवणूक कशी पकडायची, वगैरे. चहाच्या रांगेतला वाद मात्र फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो. लिलाव संपवायचा कसा? बाहेरच्याला हा प्रश्नच खुळचट वाटतो. लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीभोवती उभ्या व्यापाऱ्यांची बोली थांबली की भाव ठरतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. पण तिथे पुकारणाऱ्याला समोरचे चेहरे दिसत असतात. कोण घुटमळतोय, कुणाच्या ओठावर अजून एक आकडा आहे, हे त्याला कळतं. सर्व्हरला चेहरे दिसत नाहीत. ‘थांब’ केव्हा म्हणायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. आणि ते सांगताना आपण माणसांचं वागणंच बदलून टाकतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

१९९५च्या सप्टेंबरात पियेर ओमिड्यार यांनी जी साइट सुरू केली, तिचं पुढे ‘ईबे’ झालं. तिथे गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला विकला गेला! ईबेने संपण्याचा नियम सगळ्यात सोपा ठेवला: ठरलेला दिवस, ठरलेला सेकंद, बस. त्या काळी लोक मोडेमवरून इंटरनेटला जोडले जायचे. दिवसरात्र पडद्यासमोर कोण बसणार? म्हणून सोबत एक सोय दिली, प्रॉक्सी बोलीची. समजा जुन्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त ८० डॉलर मोजायला तयार आहात. तो आकडा यंत्राला सांगायचा आणि झोपी जायचं. यंत्र तो कुणाला दाखवत नाही. समोरच्याची मर्यादा ६२ असेल, तर यंत्र तुमच्या वतीने एक पायरी वर चढतं आणि कॅमेरा ६३ डॉलरला तुमचा होतो. उरलेले १७ डॉलर तुमच्या खिशातच राहतात.

यातली गंमत अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१मध्येच, म्हणजे ईबेच्या जन्माच्या ३४ वर्षं आधी मांडली होती. तुमचा आकडा फक्त तुम्ही जिंकता की नाही एवढंच ठरवतो. पैसे किती द्यायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाच्या आकड्यावरून ठरतं. मग खोटं बोलण्यात फायदाच उरत नाही. कमी सांगाल तर परवडणारी वस्तू हातची जाईल, जास्त सांगाल तर न परवडणारी गळ्यात पडेल. विकरींना १९९६मध्ये नोबेल जाहीर झालं आणि अवघ्या तीन दिवसांनी ते गेले, तेही गाडी चालवत एका परिषदेला निघालेले असताना.

आता या तर्काने ईबेवर कुणी घाई करायचं कारण नाही. मनातला खरा आकडा सोमवारी टाकला काय आणि रविवारी टाकला काय, निकाल तोच. प्रत्यक्षात काय होतं? आठवडाभर कॅमेऱ्याच्या पानावर सामसूम, आणि शेवटच्या दहा सेकंदांत धुमश्चक्री. याला स्नाइपिंग म्हणतात. तुम्ही झोपेत असताना शेवटच्या क्षणी बोली टाकून देणारी सॉफ्टवेअरं लोकांनी बनवली, विकली, त्यावर धंदे उभे केले.

लोक बावळट आहेत म्हणून असं होतं का? हा प्रश्न अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी फार सुंदर सोडवला. त्यांच्या नशिबाने तेव्हा अ‍ॅमेझॉनही लिलाव चालवत होतं, आणि तिथला नियम ईबेपेक्षा एवढाच वेगळा होता: शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली तर लिलाव लांबतो आणि सलग दहा मिनिटं कुणी बोललं नाही तरच संपतो. म्हणजे लासलगावसारखंच, बोली थांबली की संपलं. दोघांनी दोन्हीकडचे संगणकांचे आणि पुराणवस्तूंचे लिलाव तपासले. निष्कर्ष २००२मध्ये छापून आले. शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली, असे लिलाव ईबेवर संगणकांच्या बाबतीत ४० टक्के आणि पुराणवस्तूंच्या बाबतीत ५९ टक्के होते. अ‍ॅमेझॉनवर? दोन्हींत साधारण ३ टक्के.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. ईबेवर जितकं मुरलेलं गिऱ्हाईक, तितकं ते उशिरा बोलतं; अ‍ॅमेझॉनवर नेमकं उलट होतं. म्हणजे हा वेडेपणा नाही, अनुभवाने आलेलं शहाणपण आहे. ईबेवरच्या नवख्यांना प्रॉक्सीचा नियम कळलेला नसतो. कुणी पुढे गेलं की ते थोडे वाढवतात, पुन्हा थोडे. त्यांना वाढवायला वेळच द्यायचा नाही, हा झाला एक हेतू. पुराणवस्तूंचा आकडा जास्त का, तेही उघड आहे. एखाद्या पितळी दिव्यावर जाणकाराने मंगळवारीच बोली लावली, की बाकीचे म्हणणार, हा लावतोय म्हणजे माल अस्सल आहे! जाणकाराची बोली हीच बातमी असते. ती फुटू नये म्हणून तो शेवटपर्यंत तोंड मिटून बसतो.

आम्ही कोड लिहिणारे मात्र या शेवटच्या सेकंदाला घाबरून असतो. तुमच्या फोनवरचं उलटं धावणारं घड्याळ शोभेचं असतं. निकाल सर्व्हरच्या घड्याळावर लागतो. काचेच्या तारेतून प्रकाशसुद्धा सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. पुण्याहून कॅलिफोर्निया तेरा हजार किलोमीटरांहून दूर, त्यात समुद्राखालच्या केबली काही सरळ रेषेत टाकलेल्या नाहीत. म्हणजे पुण्यात दाबलेलं बटण तिथे पोहोचेपर्यंत सेकंदाचा पंधरावा हिस्सा तर नुसत्या भौतिकशास्त्रात गेला. पोहोचल्यावर दारात गर्दी असते. डेटाबेस त्या वस्तूच्या नोंदीला कुलूप लावतो, एक बोली आत घेतो, किंमत पुन्हा मांडतो, कुलूप काढतो, मग पुढची. दोघांचा कमाल आकडा सारखाच असेल तर आधी आलेला जिंकतो, आणि ‘आधी’ म्हणजे त्या रांगेत आधी.

मग अ‍ॅमेझॉनसारखं लांबणारं घड्याळ सगळीकडे का नाही? माझं मत विचाराल तर ठरलेल्या वेळेच्या थराराची लोकांना चटक लागते, आणि चटक लागलेलं गिऱ्हाईक कोण सोडतो?

पण जिथे हजारो कोटींचा मामला असतो, तिथे हा थरार परवडत नाही. १९९४मध्ये अमेरिकी सरकारने रेडिओलहरी विकायला काढल्या, तेव्हा पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी सुचवलेल्या रचनेत घड्याळाची मुदतच नव्हती. फेऱ्या होत राहतात, आणि दबा धरून बसणाऱ्याचा पुढच्या फेऱ्यांतला बोलण्याचा हक्क कमी होत जातो. या दोघांना २०२०चं नोबेल मिळालं ते लिलावाच्याच कामासाठी.

भारतात २०१०मध्ये थ्रीजी लहरी विकल्या गेल्या त्याही अशाच, ऑनलाइन, फेऱ्याफेऱ्यांनी. ९ एप्रिलला लिलाव सुरू झाला. कंपन्यांची माणसं पडद्यांसमोर बसून राहिली आणि लिलाव काही थांबेना. प्रत्यक्ष बोली ३४ दिवस चालली, १८३ फेऱ्या झाल्या. एकट्या मुंबईच्या एका परवान्याची किंमत ३,२४७ कोटी रुपयांवर गेली. सरकारने ३५,००० कोटींच्या आसपास धरलं होतं, हाती आले ६७,७१९ कोटी. एवढे पैसे भरायला कंपन्यांना कर्जं काढावी लागली. लिलाव १९ मे रोजी संपला, कारण त्या दिवशी किंमत वाढवायला कुणीच तयार नव्हतं.