‘पॅनेल गेले’ म्हणण्यापूर्वी मीटर लावा

१९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, पुढे घरोघरी सेट आले, आणि जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागांत टी.व्ही. दुरुस्ती हा पोटापाण्याचा धंदा झाला. पिक्चर ट्यूब मागे पडून सपाट पडदा आला, तशी तक्रारही बदलली. आवाज येतो, पडद्यामागचा उजेड लागतो, पण चित्र नाही. अशा वेळी ‘पॅनेल गेले’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. पण पॅनेलची किंमत पुष्कळदा नव्या सेटच्या जवळपास जाते. गिऱ्हाईक सेट भंगारात घालते आणि आपली मजुरीही जाते. म्हणून शॉर्ट नेमका कोठे आहे हे शोधणाऱ्या कारागिरालाच पुढे काम मिळेल, असे आम्हांस वाटते.

पद्धत अवघड नाही. प्रथम सेट चालू करून टी-कॉन बोर्डाला पुरवठा येतो का पाहावे. मोठ्या सेटमध्ये तो बहुधा १२ व्होल्ट असतो. बोर्डावरचा फ्यूज उडाला असेल तर तेथे तार जोडू नये. शॉर्ट तसाच राहून बोर्ड जळतो.

मग प्लग काढावा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो, तो उतरल्याची खात्री करावी. टी-कॉनवर एव्हीडीडी, व्हीजीएच, व्हीजीएल अशी नावे छापलेली असतात. तेथून ग्राउंडपर्यंत ओहम मोजावेत. एव्हीडीडीवर दोन-चार ओहमच दिसले तर शॉर्ट समजावा. मात्र एक-दीड व्होल्टच्या रेषेवर ओहम मुळातच कमी असतात, तेथे फसू नये.

आता पॅनेलकडे जाणाऱ्या दोन्ही रिबन काढून पुन्हा मोजावे. शॉर्ट तसाच राहिला तर दोष टी-कॉनमध्ये. गेला तर पॅनेलमध्ये. सेट बंदच ठेवून एकेक रिबन लावत मोजले की कोणती बाजू बिघडली ते कळते. त्या बाजूच्या पट्टीवरील बारीक कॅपॅसिटर एकेक उचलून पाहावेत. त्यातलाच एखादा शॉर्ट असला तर काम थोड्या खर्चात होते. तसा सुटा माल पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतो. सर्व कॅपॅसिटर काढूनही शॉर्ट राहिला, तर दोष काचेला चिकटवलेल्या ड्रायव्हर पट्टीत किंवा काचेतच आहे. ती पट्टी बदलायला बाँडिंग मशीन लागते; ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

भीमाशंकरकडच्या पावसाळी गावांतून आलेल्या सेटच्या रिबनची टोके गंजली आहेत का, हे आधी पाहावे. ओल्या फडक्याने पडदा पुसला की पाणी खालच्या कडेत उतरते आणि तेथेच शॉर्ट होतो. सेट परत देताना हे जरूर सांगावे.

तपासणीची मजुरी आधी ठरवून घ्यावी आणि मीटरवर काय दिसले ते गिऱ्हाइकाला दाखवावे. सेट दुरुस्त झाला नाही तरी विश्वास टिकतो, आणि दुकान विश्वासावरच चालते.