पाहुण्यांच्या ताटात वरी, आपल्या वरकसावर गवत

वरी म्हणजे उपासाचे नाहीतर गरिबाघरचे खाणे, असेच आपण धरून चालतो. पण ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जी-२० परिषदेच्या परदेशी पाहुण्यांना राष्ट्रपतींनी मेजवानी दिली, तेव्हा ताटात काय होते? राळ्याचा कुरकुरीत पदार्थ, फणसासोबत वरी, आणि शेवटी वेलची घालून केलेले साव्याचे गोड, त्यासोबत आंबेमोहोर तांदूळ!

हे उगीच घडत नाही. व्याही घरी आले की आपण पुरणपोळी करतो. कारण जेवणाने नाते जुळते. देशही तेच करतात. थायलंडने परदेशात थाई खाणावळी वाढाव्यात म्हणून २००२ साली सरकारी मोहीमच काढली. खाणावळ गेली की मागोमाग तिथला तांदूळ आणि मसालाही जातो. भारताने मांडलेला ठराव ७२ देशांच्या पाठिंब्याने मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष ठरले.

आता आपल्याकडे बघा. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग खुरासणी अशी जुनी रीत. आज कित्येक वरकस जमिनींवर नुसते गवत आहे, कित्येक फार्महाऊसला गेल्या. पीक वाईट म्हणून असे झाले नाही. वरीचे टरफल उखळात सडता सडता बाईमाणसाचे खांदे भरून येतात, आणि एवढे करून भाव नाही. नाचणीला २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर झाला. वरीला स्वतःचा वेगळा हमीभाव जाहीर होत नाही. मग पेरायची कोणी?

दिल्लीच्या ताटातली वरी आपोआप आपल्या खिशात पैसे टाकणार नाही. पण दिल्लीने जे परदेशी पाहुण्यांपुढे केले, ते आपण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांपुढे करू शकतो. माथेरान, नेरळ, कर्जत, खोपोली इथे सुट्टीला माणूस येतोच. त्याला पंजाबी भाजी कशाला? नाचणीची भाकरी, वरीचा भात, पावसाळ्यात रानभाजी वाढा, आणि जाताना किलोभर धान्य पिशवीत द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हेही सांगा.

त्यासाठी तीन कामे करा. एक, घरचे बी मोडू नका. भरदार कणसे वेगळी खुडून राखा. दोन, महिला बचत गटाने वरी सडण्याचे यंत्र घ्यावे. अनुदान कोणत्या योजनेतून मिळेल ते तालुका कृषी कार्यालयात विचारावे. तीन, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय पेरणीआधीच्या ग्रामसभेत घ्यावा. एकट्याची दोन पायली वरी हॉटेलवाला घेणार नाही. वाडीची मिळून दोन क्विंटल असेल, तर तोच दारात येईल.