शब्दांपलीकडचा अर्थ : इंग्रजी वाक्प्रचारांचा अभ्यास

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. त्यापूर्वीच्या पिढ्या पाचवीत मुळाक्षरे गिरवीत असत. आज वसतिगृहात राहून शिकलेली आपली मुले इंग्रजीचे व्याकरण जाणतात, निबंध लिहितात, परीक्षेत उत्तम गुणही मिळवितात. मात्र महाविद्यालयात, मुलाखतीच्या दालनात किंवा कंपनीच्या बैठकीत गेल्यावर त्यांना एक नवाच उंबरठा आडवा येतो. समोरच्याच्या वाक्यातील प्रत्येक शब्द कळतो, पण वाक्य कळत नाही. हा उंबरठा वाक्प्रचारांचा आहे. तो ओलांडण्याचा मार्ग विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाक्प्रचार म्हणजे ज्याचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून निघत नाही असा रूढ शब्दसमूह. ही गोष्ट आपल्याला मुळीच अपरिचित नाही. 'डोळ्यांत धूळ फेकणे' म्हटल्यावर कोणी हातातील धूळ शोधत नाही आणि 'कान टोचणे' म्हटल्यावर कोणी सोनाराकडे जात नाही. आपण हे शब्दकोशातून शिकलो नाही. घरात, शेतात आणि बाजारात ऐकत ऐकत शिकलो. इंग्रजीभाषक घरातील मूलही तसेच शिकते. आपल्या मुलांना इंग्रजीचे असे घर लाभत नाही. त्यांच्या बुद्धीत काहीही उणे नसते. उणे असते ते केवळ कानावर पडणे. जे कानावरून मिळाले नाही ते अभ्यासाने मिळविता येते.

अभ्यास न केल्यास काय घडते, हे एका उदाहरणावरून पाहू. एखादा वरिष्ठ म्हणतो, 'यू आर बार्किंग अप द राँग ट्री.' अमेरिकेत शिकारी कुत्रा सावज नसलेल्या झाडाखाली भुंकत राही, त्यावरून हा वाक्प्रचार आला. आपण चुकीच्या दिशेने शोध घेत आहात, एवढाच त्याचा अर्थ. परंतु पिढ्यान्पिढ्या अवमान सोसलेल्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला 'भुंकणे' हा शब्द ऐकताच आपला अपमान झाला असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तो गप्प होतो, मिटून जातो. म्हणूनच वाक्प्रचारांचे ज्ञान ही केवळ भाषेची सजावट नाही. अपमान कोणता आणि साधे बोलणे कोणते, हे ओळखण्याचे ते साधन आहे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस असे वाटते की, वाक्प्रचार पाठ करण्यापेक्षा त्याचा उगम जाणून घ्यावा. उगम कळला की अर्थ आपोआप स्मरणात राहतो. इंग्रज हे दर्यावर्दी राष्ट्र, म्हणून त्यांच्या बोलण्यात शिडाची जहाजे भरलेली आहेत. 'लर्न द रोप्स' म्हणजे नव्या कामाची रीत शिकून घेणे. नव्या खलाशाला प्रथम दोरखंड ओळखावे लागत. 'टेकन अबॅक' म्हणजे थक्क होणे. वारा अकस्मात समोरून शिडावर आदळला की जहाज जागीच अडखळे. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. वारा समोरच्या बाजूने असो की पाठीमागून, दोन्ही स्थितींत नीट चालणाऱ्या जहाजावरून तो आला.

काही वाक्प्रचार न्यायालयातून आणि कचेरीतून आले. ब्रिटनमध्ये १७१५ साली 'रायट अ‍ॅक्ट' हा कायदा अमलात आला. बारा वा अधिक माणसांचा दंगेखोर जमाव जमला की दंडाधिकारी त्यातील हुकूम मोठ्याने वाचून दाखवी आणि तासाभरात न पांगणाऱ्यास कठोर शिक्षा होई. आज 'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे सक्त तंबी देणे. सरकारी कागद बांधण्याच्या तांबड्या फितीवरून 'रेड टेप' आले आणि तेच मराठीत 'लालफीत' होऊन बसले.

क्रिकेटनेही भर घातली. ओली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू अनपेक्षित उसळतो, वळतो आणि फलंदाज अडचणीत येतो. म्हणून 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे बिकट स्थितीत सापडणे. मात्र फलंदाजाची अडचण ही गोलंदाजाची संधी असते. चर्मकार समाजातून आलेले फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेतले होते, हे या निमित्ताने विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आज बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या कानी मात्र अमेरिकेच्या बेसबॉलचे शब्द अधिक पडतात. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ अंदाज आणि 'टच बेस' म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे.

उगमानंतरची दुसरी पायरी तुलनेची. 'टर्न अ ब्लाइंड आय' यासाठी आपल्याकडे 'कानाडोळा करणे' आहे. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे आपले 'सठीसामाशी', 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे 'रात्रीचा दिवस करणे', 'बीट अराउंड द बुश' म्हणजे 'आढेवेढे घेणे' आणि 'पीस ऑफ केक' म्हणजे 'हातचा मळ'. परंतु शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर फसगत होते. मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात तेव्हा त्याला भूक लागलेली असते. इंग्रजाच्या पोटात फुलपाखरे उडतात तेव्हा त्याला धास्ती वाटत असते. मुलाखतीपूर्वी 'बटरफ्लाइज इन माय स्टमक' म्हणणाऱ्या मैत्रिणीला कोणी डबा उघडून देऊ नये.

पांढऱ्या हत्तीचे उदाहरण तर आपल्याला विशेष जवळचे आहे. बौद्ध परंपरेत पांढरा हत्ती मंगल मानला गेला. महामायेच्या स्वप्नातील हत्ती भरहूत आणि सांची येथील शिल्पांत कोरलेला आहे. म्हणूनच सयामसारख्या बौद्ध देशांत त्याला कामाला जुंपत नसत. राजा ज्याच्यावर रुष्ट होई त्यास तो असा हत्ती भेट देई आणि त्याला पोसता पोसता तो माणूस धुळीस मिळे, अशी कथा युरोपीय लोक सांगत. त्यावरून इंग्रजीत 'व्हाइट एलिफंट' म्हणजे न पेलणारी निरुपयोगी वस्तू ठरली आणि मराठीनेही 'पांढरा हत्ती पोसणे' याच अर्थाने स्वीकारले. एका संस्कृतीचे मांगल्य दुसरीच्या तोंडी थट्टा कसे होते, हे यातून दिसते.

येथे आपण अधिक गंभीर प्रश्नाकडे वळू. वाक्प्रचार निष्पाप नसतात. समाजाने केलेला अन्याय त्यांत गोठून राहतो. 'सोल्ड डाउन द रिव्हर' म्हणजे विश्वासघात होणे. अमेरिकेत गुलामांना मिसिसिपी नदीच्या खालच्या अंगाला, अधिक क्रूर मळ्यांवर विकले जाई. त्या कुटुंबांच्या ताटातुटीचा हा शब्द आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच अर्पण केला होता. 'ग्रँडफादर्ड इन' हा शब्द कार्यालयांत सर्रास वापरतात. नवा नियम जुन्या लोकांना लागू न करणे, असा त्याचा अर्थ. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील काही राज्यांनी मतदानासाठी कठीण अटी घातल्या आणि ज्यांचे आजोबा पूर्वी मतदार होते त्यांना त्या अटींतून सूट दिली. गुलामांच्या नातवंडांना असे आजोबा असणे शक्यच नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली ही तरतूद रद्द केली. आजोबांच्या स्थानावरून नातवाचा हक्क ठरविणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

'परिया' हा शब्द तर आपल्याच देशातून इंग्रजीत गेला. तमिळ प्रदेशातील परैयर या जातीचे नाव इंग्रजीत 'बहिष्कृत' या अर्थाने रूढ झाले आणि वाळीत टाकलेल्या राष्ट्रालाही आज 'परिया स्टेट' म्हणतात. मराठीही यात मागे नाही. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण चांगल्यात वाईट असायचेच, अशा अर्थाने वापरली गेली. वस्तीलाच दोष ठरविण्यात आले. असे शब्द विद्यार्थ्यांनी समजून अवश्य घ्यावेत, परंतु स्वतःच्या तोंडी आणू नयेत. समजणे आणि वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी आम्ही चार सूचना करू इच्छितो. पहिली, आठवड्याला तीनच वाक्प्रचार घ्यावेत आणि एका वहीत उगम, अर्थ, मराठी प्रतिशब्द व स्वतःचे एक वाक्य लिहावे. दुसरी, वाक्प्रचार नेहमी पूर्ण वाक्यात ऐकावा. वर्तमानपत्र, बातम्या आणि सामन्यांचे समालोचन यांचा त्यासाठी उपयोग करावा. तिसरी, स्थळ आणि व्यक्ती पाहून वापरावा. अर्जात वा न्यायालयीन लेखनात साधी, सरळ इंग्रजीच शोभते. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते, बोलण्यात मात्र ते आता क्वचितच येते. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची : अर्थ कळला नाही तर तेथेच नम्रपणे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. न कळता मान डोलावण्यात मात्र धोका आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजीकडेही या दृष्टीने पाहावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी भारतातील लोकशाहीला 'टॉप ड्रेसिंग' म्हटले. याचा अर्थ कोणी वरवरचा मुलामा असा करील. पण हा शब्द शेतीतला आहे. उभ्या पिकाच्या जमिनीवर वरून जे खत देतात, ज्याला आपला शेतकरी 'वरखत' म्हणतो, ते टॉप ड्रेसिंग. वरून खत पडले तरी खालची माती लोकशाहीची नाही, असे बाबासाहेबांना सांगायचे होते. वसतिगृहातील ज्या मुलाने वडिलांबरोबर रानात वरखत टाकले आहे, त्याला ही प्रतिमा शहरी वाचकाहून लवकर उमगेल. इंग्रजीचा प्रत्येक दरवाजा आपल्या घरापासून दूर नसतो, हे त्याला येथे कळेल.

सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. त्याच्या कितीतरी शतके आधी तथागतांनी भाषेविषयी याहून खोल गोष्ट सांगितली. मज्झिम निकायातील 'अरणविभंग सुत्त' सांगते की, एकाच भांड्याला एका प्रदेशात 'पाति' म्हणतात, दुसऱ्या प्रदेशात 'पत्त' म्हणतात, आणखी कोठे आणखी काही. ज्या प्रदेशात जावे तेथील शब्दाने बोलावे, आपलाच शब्द खरा असा हट्ट धरू नये. इंग्रजीचे वाक्प्रचार शिकताना हीच वृत्ती असावी. आपली भाषा टाकायची नाही आणि दुसरीचे भय बाळगायचे नाही. भांडे तेच असते. त्याचे तिकडचे नाव तेवढे शिकून घ्यायचे असते.