फिल्म छायाचित्रणातील फ्लॅशचे प्रकाशमापन : स्वयंचलित व टीटीएल पद्धतींची तुलना

प्रस्तावना : फ्लॅशचा प्रकाश साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. त्यामुळे कॅमेऱ्यातील नेहमीच्या प्रकाशमापकाला तो आगाऊ मोजता येत नाही. फिल्म धुतल्याशिवाय चित्र दिसत नसल्याने चूक लक्षात येते तेव्हा प्रसंग सरलेला असतो. पूर्वी फ्लॅशच्या मार्गदर्शक अंकाला अंतराने भागून अ‍ॅपर्चर ठरवावे लागे. उदा. आयएसओ १०० साठी हा अंक २८ व अंतर ३.५ मीटर असल्यास एफ/८. या गणितातून सुटका करणाऱ्या दोन पद्धतींची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

स्वयंचलित पद्धत : येथे प्रकाशसंवेदक फ्लॅशच्या दर्शनी भागावर असतो. फिल्मची संवेदनक्षमता व अ‍ॅपर्चर छायाचित्रकार स्वतः जुळवितो. वस्तूवरून परतलेला प्रकाश पुरेसा होताच संवेदक फ्लॅश बंद करतो. कॅमेऱ्याकडून केवळ फ्लॅश उडविण्याचा संकेत लागतो. म्हणून निकॉन एफएम२ (१९८२) सारख्या टीटीएल सुविधा नसलेल्या यांत्रिक कॅमेऱ्यावरही ही पद्धत चालते.

टीटीएल पद्धत : ऑलिंपस ओएम-२ (१९७५) या कॅमेऱ्याने ही पद्धत प्रथम आणली. यात संवेदक कॅमेऱ्याच्या आत, फिल्मकडे तोंड करून असतो. भिंगातून आलेला व फिल्मवरून परावर्तित झालेला प्रकाश तो मोजतो आणि कॅमेरा फ्लॅशला थांबण्याचा आदेश देतो.

तुलना : दोहोंतील मूलभूत भेद संवेदकाच्या स्थानाचा आहे. भिंगापुढे फिल्टर लावला किंवा बेलोज वापरून वस्तूचे मूळ आकाराएवढे चित्र घेतले, तर फिल्मवर पोहोचणारा प्रकाश घटतो. बेलोजच्या बाबतीत तो सुमारे एक-चतुर्थांश उरतो. बाहेरच्या संवेदकास याची जाणीव नसते. टीटीएलमध्ये ही घट आपोआप हिशेबात येते. दूरभिंग लावल्यास बाहेरचा संवेदक चौकटीबाहेरचा भागही मोजतो.

तथापि टीटीएल निर्दोष नाही. दोन्ही पद्धती दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतात. रात्री मोकळ्या अंगणात उभ्या असलेल्या एकट्या व्यक्तीचा चेहरा दोहोंतही गरजेपेक्षा उजळ येऊ शकतो. निगेटिव्ह फिल्म अशी चूक बरीच सामावून घेते, स्लाइड फिल्म घेत नाही.

निष्कर्ष : सूक्ष्म छायाचित्रण व फिल्टरच्या कामासाठी टीटीएल सरस, तर साध्या प्रसंगी स्वयंचलित पद्धत पुरेशी ठरते. डिजिटल संवेदकाचे परावर्तन फिल्मपेक्षा भिन्न असल्याने पुढे पूर्व-फ्लॅशवर आधारित मापन आले आणि फिल्मकालीन टीटीएल फ्लॅशची ती सुविधा नव्या कॅमेऱ्यांवर निरुपयोगी झाली. कॅमेऱ्यावर अवलंबून नसलेला स्वयंचलित फ्लॅश मात्र, त्याच्या संपर्कबिंदूवरील विद्युतदाब सुरक्षित असल्यास, त्यांवरही वापरता येतो.