डॉल्बी, कूलर आणि शांतता

कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘डॉल्बी’ म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. आमच्या परभणीकडे तिलाच डीजे म्हणतात. नाव काहीही असो, मिरवणूक गल्लीत वळली की तावदानं थरथरायला लागतात. गंमत अशी, की रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती खरखर घालवण्यासाठी. टेपवर आवाज भरताना मागे जी ‘स्स’ अशी फुसफुस राहते, ती दाबणारं यंत्र हे त्या कंपनीचं नाव कमावणारं पहिलं काम. शांतता विकणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटाला देऊन टाकलं.

टॉकीजच्या पाटीवरही हे नाव असंच आलं. १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’नं हिंदी सिनेमात डॉल्बी स्टिरिओ आणला आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावातल्या पोस्टरांवरसुद्धा ‘डॉल्बी’, ‘डीटीएस’ ही अक्षरं हिरोच्या नावाएवढी मोठी झाली. पण ती अक्षरं काय सांगतात? मालकानं एक डबा विकत घेतला आहे आणि तो डबा सिनेमातला आवाज वाचू शकतो, एवढंच. पडद्यामागचा डावा स्पीकर फाटलाय का, मागच्या बाकावर संवाद ऐकू येतो का, यावर पाटी गप्प असते.

नेमका हाच प्रश्न जॉर्ज लुकासला पडला होता. ‘स्टार वॉर्स’च्या आवाजावर एवढी मेहनत घ्यायची आणि गावोगावच्या थिएटरांत त्याचा चिखल व्हायचा. त्याच्या कंपनीतल्या टॉमलिन्सन होल्मननं थिएटरसाठी एक मापदंड तयार केला आणि १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’बरोबर तो ‘टीएचएक्स’ या नावानं बाहेर आला. पुष्कळांना वाटतं तसा टीएचएक्स हा आवाज भरण्याचा प्रकार नव्हे. ती हॉलची परीक्षा आहे. आवाज कुठल्याही कंपनीच्या पद्धतीनं भरलेला असो, हॉल पास पाहिजे. पडद्यामागे स्पीकर पक्क्या भिंतीत बसवलेले हवेत. शेजारच्या हॉलची धडधड इकडे यायला नको. शेवटच्या रांगेतूनही पडदा निदान २६ अंशांच्या कोनात दिसला पाहिजे. आणि हॉल रिकामा, सिनेमा बंद, फक्त हवा खेळवणारी यंत्रं चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज ‘एनसी-३०’ या मर्यादेच्या आत राहिला पाहिजे. हा आकडा कुजबुजीच्या आसपासचा. शिवाय प्रमाणपत्र कायमचं नाही, दरवर्षी नव्याने तपासणी.

आता हे मोजमाप घेऊन मे महिन्यात परभणीला या. बाहेर पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर पत्रा, भिंतींना लावलेले कूलर आणि त्यांच्या जोडीला पंखे. पहिल्या पाच मिनिटांतच मीटर हात टेकेल. पण कूलर बंद केला तर प्रेक्षक मध्यंतरापर्यंतसुद्धा टिकणार नाही. होल्मनच्या मापदंडात वातानुकूलनाची सोय गृहीत आहे, मराठवाड्याचा उन्हाळा नाही.

आपल्याकडे थिएटरला प्रमाणपत्र लागत नाही असं मात्र नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्याशिवाय खेळ लावता येत नाही. पण या परवान्याचा जन्म आगीच्या भीतीतून झाला. जुनी फिल्म नायट्रेटची होती, ठिणगी पडली की बारुदासारखी भडकायची. म्हणून प्रोजेक्टरची खोली वेगळी आणि दारं पुरेशी, हा सगळा विचार जीव वाचवण्याचा. तो हवाच. प्रेक्षक जिवंत घरी जाईल याची हमी सरकार घेतं. त्यानं नीट पाहिलं-ऐकलं का, ते तिकीट काढणाऱ्याचं नशीब.

प्रमाणपत्राचा खरा तंटा लहान गावांपर्यंत आला तो डिजिटलबरोबर. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी मिळून २००५ साली डिजिटल सिनेमाचे नियम ठरवले. ते ‘डीसीआय’ म्हणून ओळखले जातात. त्यांत चित्र किमान २०४८ × १०८० ठिपक्यांचं हवं आणि चोरी रोखणारी कुलपं कडक हवीत. अशी यंत्रं महाग. त्याच सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीजनं वेगळा रस्ता धरला. सिनेमा उपग्रहावरून थेट टॉकीजच्या सर्व्हरवर उतरवायचा, चित्र डीसीआयपेक्षा कमी दर्जाचं, पण खर्च आवाक्यातला. हॉलिवूडच्या नियमांत ते पडदे बसत नव्हते. आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तोवर मोठ्या शहरांत झिजून आलेली प्रिंट पाहायची, प्रत्येक रिळाच्या टोकाला पावसाच्या रेघा, मधलं एखादं गाणं गायब. आता शुक्रवारी मुंबईत लागलेला सिनेमा त्याच शुक्रवारी तालुक्याच्या गावात, आणि शंभराव्या खेळालाही पहिल्यासारखाच. माझं मत विचाराल तर हॉलिवूडनं नापास केलेल्या या यंत्रानं मराठवाड्यात सिनेमा जेवढा सुधारला, तेवढा पाटीवरच्या कुठल्याही इंग्रजी अक्षरांनी सुधारला नाही.

तरी एक गोष्ट यंत्र बदलून बदलत नाही. झेनॉनचा दिवा ठरावीक तासांनी बदलायचा असतो. तो महाग, म्हणून पेटतोय तोवर चालवायचा आणि पडद्यावर कायम तिन्हीसांजा. प्रोजेक्टरपुढची काच महिनोन्महिने पुसायची नाही. डॉल्बीच्या प्रोसेसरवर आवाजाचा आकडा शून्य ते दहा असतो. त्यात सात हा खरा आकडा, कारण मिक्सिंग करणाऱ्यानं सिनेमा स्टुडिओत याच पातळीवर ऐकलेला असतो. पण जाहिराती कर्कश वाजतात, प्रेक्षक ओरडतो, म्हणून केबिनमधला माणूस आकडा पाचवर आणतो आणि पुढचे तीन तास नायिका पुटपुटते. टीएचएक्सचा उपयोग होता तो इथे. पितळी पाटीपेक्षा, वर्षातून एकदा मीटर घेऊन कोणीतरी बाहेरचा माणूस येणार आहे, या धाकाचा. दिवा त्या धाकानं बदलला जायचा.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला. अजय-अतुलनं त्याचा वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता. जगातल्या उत्तम खोल्यांपैकी एकीत उमटलेले ते सूर पत्र्याच्या छपराखाली वाजले आणि ‘झिंगाट’ला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले. त्या वेळी आवाजाचा आकडा चारवर होता की नऊवर, कुणालाही पडलेली नव्हती. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तो हा उन्हाळा. कूलरमध्ये ओतायलाही पाणी मोजूनच.

आणि मग ‘सैराट’चा शेवट येतो. रक्तात पाय भिजलेलं एक पोर दाराबाहेर चालत जातं आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे पडद्यावरचा आवाजच काढून घेतो. ना संगीत, ना रडणं. एनसी-३० म्हणजे काय, हे तिथे कळतं. हॉल शांत असेल तर ती शांतता अंगावर येते. नसेल तर दिग्दर्शकानं रिकामी ठेवलेली ती जागा पंख्याच्या घरघरीनं भरून जाते. तेवढ्यापुरता कूलर बंद करायचा, असं ना टीएचएक्सच्या मापदंडात आहे, ना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यात. ते केबिनमध्ये बसलेल्या माणसाला सुचावं लागतं.