दिल्लीचा कायदा आणि घरचं नातं

दिल्लीच्या राजकारणाशी आपला काय संबंध, असं पुष्कळजण म्हणतात. पण संबंध आहे.

पूर्वी वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क मुलालाच असे. महाराष्ट्रात १९९४ साली तो मुलींना मिळाला. पण आधी लग्न झालेल्या राहिल्या. २००५ साली संसदेने हिंदू वारसा कायदा बदलला. आता लग्न झालेल्या मुलीचाही वाटा भावाइतकाच आहे.

वडील वारले की सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव लागतं. मग भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. सही नाही केली तर माहेर तुटेल, असं तिला भय वाटतं.

बहिणींनो, सही करणं तुमच्या मर्जीवर आहे. कागद आधी स्वतः वाचा, मग ठरवा. भावांनो, भाऊबीजेला ओवाळणी घातली म्हणून वाटा फिटत नाही.

असे कायदे खासदार करतात. खासदार आपण निवडतो. मत विचार करून द्या.