कॉम्प्युटर बिघडला नव्हता, भरला होता



मार्चअखेरचे दिवस. दोंडाईचा येथील आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयात लेखापाल ताई गटांचे हिशोब एक्सेलमध्ये भरत होत्या. दोन तास काम झालं, सेव्हचं बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, ‘डिस्क फुल’. "डबा भरी गया व माय!" म्हणून त्यांनी डोक्याला हात लावला.

एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "जुना झालाय मॅडम, फॉरमॅट मारून देतो." मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात ताईंनी विचारलं, "फॉरमॅट मारल्यावर कर्जाच्या फाइली राहतील ना?" नसत्या राहिल्या! फॉरमॅट म्हणजे कोठीत जागा नाही म्हणून धान्यासकट कोठी उलटी करणं. सहा वर्षांचे ठराव, कर्जवाटप, परतफेडीचे तक्ते सगळे त्या एकाच कॉम्प्युटरवर होते, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मी, मला हे सुचलं नाही, ताईंना सुचलं.

मग आम्हीच बसलो. ‘धिस पीसी’ उघडलं, तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक आणि डी ड्राइव्ह जवळपास रिकामा! जुन्या कॉम्प्युटरवर हे नेहमी दिसतं. एकाच डिस्कचे दोन कप्पे केलेले असतात, सी आणि डी. विंडोज सी मध्ये असतं. पण आपण डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, डॉक्युमेंट्समध्ये जे ठेवतो तेही सी मध्येच जातं. डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून सगळं तिथेच ठेवायची आपली सवय.

आधी काहीही पुसलं नाही. हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं आणि पेनड्राइव्हवरच्या चार-पाच फाइली उघडून पाहिल्या. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा; कट करताना मध्येच लाइट गेली तर गोंधळ होतो, आणि आपल्याकडे लाइट केव्हा जाईल याचा काय भरवसा!

जागा कशाने भरली होती? हिशोबाने नाही. एक्सेलची फाइल अगदी लहान असते, तर मोबाईलवर काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणजे असे तीनशेच फोटो झाले की एक जीबी भरला. व्हिडिओ तर मिनिटाला शंभर एमबीसुद्धा खातो. एकाच प्रशिक्षणाचे तेच फोटो चार फोल्डरमध्ये सापडले. हळदीकुंकवाचे, मेळाव्याचे व्हिडिओ होते. ठेवायचे ते सगळे आम्ही डी मध्ये हलवले.

डाउनलोड्स उघडल्यावर मात्र मला लाज वाटली. ताईंची आधार कार्डं, पासबुकांचे फोटो, तीच फाइल पुढे एक, दोन, तीन आकडे लागून पुन्हा पुन्हा. कर्जाचं काम केव्हाच झालेलं. हा जागेचाच प्रश्न नाही. कार्यालयात येणारा कोणीही ती उघडू शकला असता. काम झालेली पुसली, लागणारी कुलूपवाल्या पेनड्राइव्हवर घेतली.

पुसलेलं लगेच जात नाही, रिसायकल बिनमध्ये पडून राहतं आणि जागा अडवतं. एकदा नजर टाकून ते रिकामं करा. पेनड्राइव्हवरून पुसलेलं मात्र त्यात येत नाही, थेट जातं, तिथे सांभाळून.

मग सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप. टेम्पररी फाइल्सवर टिक करा. ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबलं तर विंडोजच्या अपडेटची जुनी अडगळही दिसते, ती पुसता येते. काही कॉम्प्युटरवर त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही येतं, तिथली टिक काढा, नाहीतर कामाचंही जाईल. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरना हातच लावायचा नाही. इंटरनेटवर ‘फुकट सफाई’ची सॉफ्टवेअर दिसतात, ती घेऊ नका, त्यातून भलतंच घरात येतं.

संध्याकाळपर्यंत सी मध्ये २८ जीबी मोकळी झाली. पट्टी निळी झाली तेव्हा ताईंनी चहा मागवला. पुन्हा भरेपर्यंत थांबू नका, पंधरा-वीस जीबी कायम मोकळी असू द्या.

एक गैरसमज राहायला नको. फाइल डी मध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं नाही. डिस्क एकच, ती बंद पडली तर दोन्ही कप्पे जातात. शिवाय आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे आणि कंपनीने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहेत. म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार करणं आपण बंद केलं आहे, फक्त हिशोब लिहितो.

आता दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशोबाची कॉपी दोन पेनड्राइव्हवर घेतली जाते. एक कार्यालयाच्या कपाटात, दुसरा अध्यक्ष ताईंच्या घरी. ज्या ग्रामसंघांकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी येताना रिकामा पेनड्राइव्ह आणावा, लेखापाल ताई समोर बसवून दाखवतील. शनिवारी दुपारी या.